फोल्डिंग खात्यातली आखाजी

चैत्र संपत आला की लिंबायतच्या रस्त्याकडेला मातीच्या घागरी उतरतात. टेम्पोतून गवतात गुंडाळून आलेल्या, अजून भट्टीचा वास असलेल्या. बायका बोटानं टिचकी मारून आवाज ऐकतात, एक बाजूला ठेवतात, दुसरी उचलतात. शेजारी डांगरांचे, म्हणजे खरबुजांचे, ढीग, कारण पितरांच्या घागरीवर डांगर ठेवायचं असतं. उधना स्टेशनाकडे निघालेल्या रिक्षांमध्ये तीन माणसांच्या जागी सात माणसं, मांडीवर पोरं आणि पोरांच्या मांडीवर पिशव्या. आखाजी आली. माझ्या माहेरी ह्या सणाला अक्षय तृतीया म्हणायचे, पण सुरतेत इतकी वर्षं खानदेशी बायकांमध्ये काढल्यावर माझ्या तोंडात आखाजीच येतं.

हा सण लेकींचा. त्यांनी माहेरी यायचं, लिंबाला झोके बांधायचे, आमरस आणि सांजोऱ्या खायच्या आणि चार दिवस कुणाचंही ऐकायचं नाही, असा एकूण मामला. दिवाळी एकवेळ सासरी काढतील, पण आखाजीला माहेर पाहिजेच. मी रिक्षात बसून ही लगबग बघते आणि दरवर्षी मला कसंसंच होतं. सणाशी माझं काही वाकडं नाही. सात-आठ वर्षांपूर्वीच्या एका आखाजीला मी जे केलं ते ह्या घागरी दिसल्या की वर येतं, आणि तेव्हा त्याबद्दल मला शाबासकी मिळाली होती हे तर फारच वर येतं.

तेव्हा मी उधन्याच्या एका साडी कारखान्यात फोल्डिंग खात्याची मॅनेजर होते. मिलमधून ताग्यांनी माल यायचा. तो कापायचा, उजेडापुढे धरून तपासायचा, लेस लावायची, घडी घालायची आणि खोक्यात भरून पाठवायचा. चाळीस बायका, बहुतेक साऱ्या लिंबायतच्या, धुळे-जळगावकडून आलेल्या घरांतल्या. वर पत्रा. वैशाखात त्या पत्र्याखाली भाकरी भाजली गेली असती, आणि पंखे मात्र एकवर ठेवावे लागत. दोनवर केले की जॉर्जेटच्या साड्या टेबलावरून उठून थेट बाईच्या तोंडावर. घामाचा डाग पडू नये म्हणून प्रत्येकीच्या कमरेला एक फडकं असायचं. हात पुसायचा, साडी धरायची, हात पुसायचा. नव्या कापडाची खळ, लेसचा डिंक आणि दुपारी उघडलेल्या डब्यांतली कळण्याची भाकरी, असा त्या खात्याचा एक वास होता. अजूनही एखाद्या दुकानात नव्या साडीची घडी मोडली की मला भूक लागते.

अडचण अशी की लग्नसराईचा माल नेमका ह्याच दिवसांत निघतो. देशभरातल्या नवऱ्या मुलींच्या मावश्या-आत्यांना द्यायच्या साड्या आमच्या चाळीस बायकांच्या हाताखालून जायच्या. वर्षातला सगळ्यात ओढीचा हंगाम, आणि त्याच हंगामात चाळीसच्या चाळीस बायकांचा जीव माहेराकडे लागलेला. मालकांना दरवर्षी आखाजीच्या महिनाभर आधी धडकी भरायची. दरवर्षी माल मात्र वेळेवर जायचा. कसा जायचा, हे त्यांनी कधी विचारलं नाही. "माल नीकळे छे ने, नीलाबेन? तो पछी शुं?" माल निघतोय ना, मग झालं, एवढ्यावर त्यांचा विषय संपत असे.

माल जायचा तो देवकाबाईंमुळे.

पन्नाशीच्या बारकुड्या बाई. नाकात चमकी, डोळ्यांना दोरी बांधलेला चष्मा, माल पाठवायच्या दाराजवळचं शेवटचं टेबल. त्यांना ना पद होतं ना कुणी नेमलं होतं. तरी नवी मुलगी कामावर आली की पहिले आठ दिवस ती आपोआप त्यांच्या शेजारी उभी राही. दोन बायकांचं वाजलं तर त्या दोघी देवकाबाईंच्या टेबलाशी जाऊन वाजवीत आणि तिथून निघताना निमूट असत. देवकाबाई स्वतः फार कमी बोलत. त्यांचे हात चालू असत, आणि बाकीच्यांचे हात त्यांच्या हातांच्या चालीनं चालत.

दरवर्षी चैत्रातल्या एका दुपारी, चहाच्या सुट्टीत, त्या सगळ्यांना कोंडाळं करून बसवायच्या. हातात ना कागद ना पेन. "कोनी माय जित्ती शे, हात वर करा," कुणाकुणाची आई जिवंत आहे, असं सुरुवातीलाच विचारायच्या. हात वर व्हायचे. मग ज्यांच्या लग्नानंतरची पहिली आखाजी त्या. मग गेल्या वर्षी कोण राहिलं होतं. मग कुणाचा बाप आजारी, कुणाच्या भावाचं लग्न. पाऊण तासात चाळीस बायकांच्या दोन तुकड्या व्हायच्या. पहिली सणाला जाणार, दुसरी ती परतल्यावर. जिची माय गेलेली ती आपणहून म्हणायची, मी मागं राहते. राहणाऱ्या बायका जाणारीचं टेबल वाटून घ्यायच्या आणि आठ दिवस दीडपट काम ओढायच्या. पुढच्या आठवड्यात परतून आलेल्या बायका त्यांचं ओढायच्या. मी दोन हंगाम हे लांबून पाहिलं. कधी कुरबूर झाली तर ती हसण्यावारी नेण्याइतकीच.

दोन्ही वर्षी देवकाबाई स्वतः गेल्या नाहीत. पहिली तुकडी लावून दिली, दुसरी लावून दिली, आणि मग आखाजी संपून गेलेली असायची. त्यांची आई अमळनेरच्या पुढे एका खेड्यात होती. आधीच्या नऊ-दहा वर्षांतही त्या आखाजीला घरी गेल्या नव्हत्या, असं बायका सांगत. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. म्हाताऱ्या माणसांना कसलं आलंय माहेर, असंही कदाचित मनात आलं असेल. माझी आई तेव्हा तासाभराच्या अंतरावर बारडोलीत होती आणि मी तिला दर पंधरा दिवसांनी भेटत होते, हे सांगून ठेवते.

त्या वर्षी फाल्गुनात मालकांनी मला शिबिराला पाठवलं. विषय होता, उद्योगातलं प्रभावी नेतृत्व. मोठ्या हॉटेलातला थंडगार हॉल, गळ्यात नावाचं कार्ड, दुपारी पनीर आणि संध्याकाळी प्रमाणपत्र. मी हरखून गेले होते. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी नेता म्हणत होतं. शिकवायला आलेले गृहस्थ चांगले होते, पडद्यावर बाणांच्या आकृत्या दाखवत समजावून सांगत होते. त्यांनी सांगितलं की नियम सर्वांना सारखा असावा, लेखी असावा, आणि निर्णय अनौपचारिक सत्ताकेंद्रांच्या हाती जाऊ देऊ नयेत. 'अनौपचारिक सत्ताकेंद्र' हा शब्द ऐकताच माझ्या डोळ्यांपुढे देवकाबाई आल्या, मिसरी लावत बसलेल्या.

त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. त्यांनी दिलेली फाइल अजून माझ्याकडे आहे. तिसऱ्याच पानावर आहे की काहीही बदलण्याआधी ते तसं का चाललंय हे माणसांना विचारा. त्या पानावर मी एकही रेघ मारलेली नाही. पुढची चार पानं मात्र मी रेघोट्यांनी भरून टाकली आहेत.

परत आले आणि आठवड्याभरात तक्ता तयार केला. पांढरा मोठा कागद, त्यावर चाळीस नावं, समोर वर्षभराची हजेरी. ज्यांचे खाडे कमी त्यांना सुट्टी आधी. आखाजीला फक्त पहिल्या दहाजणी, चार दिवस. अर्ज लेखी. आणि खाली ठळक अक्षरांत, सुट्टी दुसरीला देता येणार नाही. ही ओळ मला फार आवडली होती. अदलाबदलीच्या नावाखाली पुन्हा तेच कोंडाळं बसू नये, ही माझी हुशारी. मालक येऊन तक्त्यापुढे उभे राहिले, हाताची घडी घातली आणि म्हणाले, "बहु सरस, नीलाबेन. आवुंज जोईए." असंच पाहिजे. त्या दिवशी मी घरी जाताना स्वतःसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला.

बायका तक्त्यासमोर उभ्या राहिल्या. वाचता येणाऱ्यांनी न येणाऱ्यांना वाचून दाखवलं. कुणी काही बोललं नाही. त्यांनी एकदा देवकाबाईंच्या टेबलाकडे पाहिलं. देवकाबाई घडी घालत होत्या.

दोन दिवसांनी त्या माझ्या केबिनशी आल्या. दारात चपला काढल्या. फोल्डिंग खात्यात सगळ्याच चपला काढतात, पण केबिनला कुणी काढत नसे, म्हणून ते लक्षात राहिलं.

"बेन, यंदा माले जानं शे," त्या म्हणाल्या. "आखाजीले. चार दिवस."

मी तक्त्याची प्रत काढली. खरं तर गरज नव्हती, मला पाठ होती. "देवकाबाई, तुमचा नंबर तेहेतिसावा आहे."

"हा."

"तुमचे खाडे अकरा आहेत."

"शेतस," त्या म्हणाल्या. आहेत, एवढंच.

"मग मी काय करू सांगा. तुम्हाला दिली तर बाकीच्यांना काय सांगू? तुम्ही तर सगळ्यांत जुन्या. तुम्हीच नियम पाळला नाही तर ह्या मुली कशाला पाळतील?"

त्यांनी एकदा चष्म्याची दोरी नीट केली. "माय धल्ली व्हयी गयी," म्हणाल्या. आई म्हातारी झाली. मी मान डोलावली. सगळ्यांच्याच आया म्हाताऱ्या होतात, तसं काहीतरी मी बोललेही असेन. मग त्या "बरं" म्हणाल्या, चपला घातल्या आणि टेबलाकडे गेल्या.

त्यांच्या भावाचा आदल्याच आठवड्यात फोन आला होता, हे मला नंतर कळलं. आई विसरायला लागली आहे. सुनेला बहिणीच्या नावानं हाक मारते, दारातलं कुत्रं ओळखत नाही. तुला मात्र विसरलेली नाही, रोज विचारते, देवका आली का. आता यायचं असेल तर ये. हे त्यांनी मला सांगितलं असतं तर? तर मी सुट्टी दिली असती का, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारला आहे. दिली असती, असं उत्तर मला हवं असतं. पण त्या दिवसांतली मी मला चांगली आठवते. 'सहानुभूती आणि शिस्त' असं एक प्रकरणही त्या फाइलीत होतं.

दुसऱ्या दिवशी तिघीजणी अर्ज घेऊन आल्या. तिघींचे नंबर पहिल्या दहात होते. आमची सुट्टी देवकाबाईंना द्या, म्हणाल्या. मी त्यांना ती ठळक ओळ बोटानं दाखवली.

त्या आखाजीला कोण गेलं, ते सांगते. ज्यांचे खाडे कमी त्या दहाजणी. त्यांच्यातल्या चौघींना माहेरच उरलं नव्हतं. कुठे जाणं-येणं नाही, कुणी बोलावणारं नाही, म्हणून तर त्यांचे खाडे कमी. त्या चौघी चार दिवस लिंबायतच्या खोलीत झोपून राहिल्या. आणि सुनीता राहिली. सुनीता एकोणीस-वीस वर्षांची, मार्गशीर्षात लग्न होऊन आलेली. तिची पहिली आखाजी. पहिल्या आखाजीला लेकीला न्यायला माहेरचं माणूस येतं, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. तिचे वडील आले. गेटवरच्या माणसानं आत निरोप दिला, मी बाहेर निरोप दिला की तिचा नंबर एकोणतिसावा आहे. ते गृहस्थ गेटसमोरच्या रसाच्या गाडीपाशी बसून राहिले. धोतर, पांढरी टोपी, बाजूला नवी कोरी पिशवी. त्यांना वाटलं असावं, संध्याकाळपर्यंत सोडतील. दुसऱ्या दिवशीही ते आले. मला केबिनच्या खिडकीतून दिसत होते. मी पडदा लावला, उन्हामुळे असं स्वतःला सांगून. तिसऱ्या दिवशी रसाच्या गाडीपाशी कुणी नव्हतं.

देवकाबाईंच्या कोंडाळ्यातून मुऱ्हाळी कधी एकटा परत गेला नव्हता. हेही मला नंतरच कळलं. माझं सगळं शिक्षण नंतरचं आहे.

आखाजीच्या दिवशी मी बारडोलीला गेले. मॅनेजरला अर्ज करावा लागत नाही, फोन करून टाकला. उन्हं चढायच्या आत पोचले. दोन्ही बाजूंना उसाचे खोडवे, वाऱ्यावर मळीचा आंबूस वास. आई मागच्या ओट्यावर पाटावर बसून आंबे पिळत होती. मी तिला माझ्या तक्त्याची गोष्ट सांगितली. रंगवून सांगितली. हजेरी, नंबर, दहाजणी, ठळक ओळ, मालकांचं "बहु सरस." देवकाबाईंचंही सांगितलं, नियमापुढे जुनी-नवी बघायची नसते ह्याचं उदाहरण म्हणून.

आई कोयीवरचा गर बोटांनी ओढत म्हणाली, "मग ती गेली का आईकडे?"

"नाही ना. नियमात बसत नव्हतं."

आईनं पुढचा आंबा घेतला, मऊ केला, देठ काढला. रस पातेल्यात पडत राहिला. "तू आलीस ते बरं झालं," एवढंच ती म्हणाली. मी त्या दिवशी तीन वाट्या रस खाल्ला आणि मागच्या खोलीत गाढ झोपले. आई आता नाही. हा एवढा छोटा संवाद माझ्यापाशी राहून गेला आहे, आणि त्यात तिनं मला रागे भरलं नाही ह्याचं आता वाईट वाटतं.

सुट्टी संपवून दहाजणी आल्या. त्यांच्या टेबलांवर माल तसाच पडलेला होता. कुणी आपलं काम सोडलं नव्हतं, पण कुणी दुसरीचं उचललंही नव्हतं. मी कारण विचारलं तर एकजण सरळ म्हणाली, "ते तक्त्यात कुठं लिवलं हाय, म्याडम?" माल चार दिवस उशिरा गेला. मालकांनी त्याचं खापर मिलवर फोडलं आणि मी फोडू दिलं.

मग अर्ज यायला लागले. पाणी प्यायला जायचा अर्ज तेवढा राहिला होता. कुणी एक तास आधी निघाली की दुसरी माझ्याकडे येऊन सांगे. दोन बायकांचं वाजलं तर त्या आता माझ्या केबिनशी येत, आणि मला तर त्यांची बोलीही धड कळत नसे. निर्णय घ्यायचा अधिकार मी मागून घेतला होता, आता तो दिवसाला पंचवीस वेळा माझ्यासमोर येऊन उभा राहत होता. देवकाबाई त्यांच्या टेबलाशी मन लावून काम करत. कुणी विचारायला गेलं तर केबिनकडे हात दाखवत. त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. काम त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं होतं आणि त्यांनी ते नीट घडी घालून सोपवलं होतं.

मला अजून एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. आखाजीनंतर पंधरा दिवसांनी त्यांनी पुन्हा सुट्टी मागितली असती तर मी दिली असती. मी वाटच पाहत होते. मोठ्या मनानं द्यायची, असं ठरवूनही ठेवलं होतं. त्या आल्या नाहीत. त्यावरून मी निष्कर्ष काढला की एवढी काही निकड नसावी. माणूस एकदा नाही ऐकून पुन्हा का मागत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी स्वतः घरात, नात्यात, किती ठिकाणी पुन्हा मागितलं नव्हतं. पण खुर्चीत बसल्यावर ते आठवत नाही.

श्रावणात, राखीच्या मालाची गडबड चालू असताना, सुनीता माझ्याकडे एक कागद घेऊन आली. दवाखान्याचा होता. माघात तिला कावीळ झाली होती, त्याचे खाडे धरू नयेत, पुढच्या आखाजीला नंबर वर येईल, म्हणून तिनं तो जपून ठेवला होता. बोलता बोलता म्हणाली, "देवकामावशी होती म्हणून जगले. तीन दिवस ती सरकारी दवाखान्यात माझ्याजवळ बसून होती. माझ्या घरचे गावाला गेले होते."

ती गेल्यावर मी हजेरीचं रजिस्टर काढलं. माघातले देवकाबाईंचे तीन खाडे त्याच तारखांचे होते. मग मी बाकीच्या आठांची चौकशी करत बसले. एक दिवस एकीच्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यासाठी, कारण तिला गुजराती येत नव्हती. दोन दिवस एकीच्या बाळंतपणाला. एक दिवस पोलीस चौकीत, नवऱ्यानं मारलेल्या एका मुलीबरोबर. असे अकराच्या अकरा. त्यातला एकही त्यांचा स्वतःचा नव्हता. खात्यातली प्रत्येक बाई हे जाणत होती. तक्त्यासमोर उभ्या राहून चाळीसजणींनी ते वाचलं होतं आणि मी त्यांच्या गप्प राहण्याला शिस्त समजले होते.

मी त्या दिवशी उठून देवकाबाईंच्या टेबलाशी जायला हवं होतं. वीस पावलं होती. गेले नाही. पुढच्या वर्षी तक्ता काढून टाकू, असं ठरवलं. आधी तक्ता काढून टाकू, मग बोलू, असंही. माफी मागायची तर तिचीही मी एक कार्यपद्धत बनवून ठेवली.

दिवाळीत कारखाने बंद झाले तेव्हा देवकाबाई गावी गेल्या. परत आल्या त्या कामावर आल्याच नाहीत. घरीच साड्यांना खडे चिकटवायचं काम घेतलं, असं बायकांकडून कळलं. पुढच्या आखाजीच्या आधी मी तक्ता काढला आणि चहाच्या सुट्टीत सगळ्यांना म्हटलं, तुमचं तुम्ही ठरवा, पहिल्यासारखं. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. कोंडाळं काही बसलं नाही. शेवटी एकजण म्हणाली, तक्ताच बरा होता, म्याडम. मी तो परत लावला. अजूनही तिथे लावत असतील.

मला पुढे बढती मिळाली, मग दुसऱ्या कारखान्यात मोठी जागा. आणि गेल्या महिन्यात कारखानदारांच्या एका मंडळाचं बोलावणं आलं. नव्या सुपरवायझर मुलामुलींपुढे बोलायचं, विषय तोच. मी होय म्हटलं. तीन दिवस कागद घेऊन बसले. पहिलं वाक्य लिहायचे आणि ते फाइलीतलं निघायचं. म्हणून काल दुपारी रिक्षा केली आणि लिंबायतला गेले. खरं सांगायचं तर मनात असंही होतं की देवकाबाईंची माफी मागितली की भाषणाला शेवट मिळेल. इतक्या वर्षांनीही मी त्यांच्याकडून कामच करून घ्यायला निघाले होते.

पहिल्या मजल्यावरची खोली. दार उघडंच. जमिनीवर हिरवी साडी पसरलेली, भोवती गल्लीतल्या पाच-सहा बायका खडे चिकटवत बसलेल्या, आणि मध्ये देवकाबाई. केस पांढरे झालेत, चष्मा जाड झालाय. मला पाहून त्यांना नवल वाटलं नाही. "या बेन, बठा," म्हणाल्या. बायकांनी साडी एका बाजूनं गोळा करून मला जागा दिली. चहा आला. त्यांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मी त्यांच्या डोळ्यांची. मग शब्द जमवत मी म्हणाले, "देवकाबाई, त्या आखाजीला मी चुकले. तुमचे ते खाडे कशाचे होते, मी विचारायला हवं होतं."

त्या खड्यांच्या वाटीत बोट फिरवत राहिल्या. बायकांचे हात थांबले.

"तुम्ही ईचारं नही," त्या म्हणाल्या. "मी सांगं नही. मी बी मान धरीसन बठनी. आता कोनाले काय बोलू?"

म्हणजे मानापायी त्याही अडून बसल्या होत्या. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. "दिवाळीत गेलात तेव्हा आई..." मी विचारलं.

"व्हती ना. जित्ती व्हती. वट्टावर बठेल व्हती." मग त्या माझ्यासाठी मराठीवर आल्या, सावकाश, एकेक शब्द ठेवत. "मी पिशवी घेऊन दारात उभी राहिले. तिनं पाहिलं. ये म्हणाली, बस म्हणाली. हातानं पाणी दिलं. मला म्हने, 'कोनी अंडेर शे व माय तू?' कुणाची मुलगी तू. मी म्हटलं, तुझीच, माय. तुझी देवका. तर हसायला लागली."

त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसत राहिल्या.

"म्हने, 'नही व. मनी देवका सुरतले शे. तिले सुट्टी भेटत नही.'"